न्हाणीतला उजेड

वसुबारसेच्या पहाटे सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही. कोपराला आणि कमरेला मुका मार लागला, आठ दिवस लेप आणि शेक यांवर निभावलं. "आठे पाय घसरस," म्हणजे इथे पाय घसरतो, असं त्या वर्षभर म्हणत होत्या आणि दर वेळी आम्ही फरशी घासून काढत होतो. त्या पहाटे त्यांना उठवून बसवलं तेव्हा मात्र त्या वेगळंच बोलल्या. "माले पानीच दिसनं नही." फरशीवर पाणी साचलं होतं आणि ते त्यांना दिसलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी दार लावून न्हाणीत पाटावर बसले. दिवा लावला, चष्मा काढून ठेवला. दिवा दाराच्या वर, म्हणजे माझ्या पाठीमागे. नळाकडे तोंड केलं की माझीच सावली पुढे पडायची, जिथे पाऊल टाकणार नेमकी तिथे. बाकीची फरशी चॉकलेटी, गुळगुळीत, आणि तिच्यात दिव्याचा एक लांब पट्टा चमकत होता. त्या पट्ट्यात ओलं कुठे आणि कोरडं कुठे, ते मला पंचेचाळिशीत कळेना. सासूबाईंना ७२ वर्षं झालेली.

अमळनेरचं आमचं घर मूळचं धाब्याचं. २००४ साली मागचा भाग पाडून विटांचा केला, तेव्हा ही न्हाणी झाली. त्याआधी तिथे शहाबादी फरशीची मोरी होती आणि तिच्या शेजारी तांब्याचा बंब. नव्या न्हाणीला चॉकलेटी टाइल निवडली ती मळ दिसू नये म्हणून. मळ दिसला नाही हे खरं, पण पाणीही दिसलं नाही.

दिवा ९ वॅटचा एलईडी होता. त्याच्या खोक्यावर ९०० लुमेन लिहिलेले. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो आणि लुमेन म्हणजे उजेड किती देतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. न्हाणी ७ फूट बाय ५ फूट, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. एवढ्या जागेला ९०० लुमेन काही कमी नाहीत. उजेड होता, पण तो चुकीच्या जागेवरून येत होता. पाठीमागून यायचा आणि गडद भिंती त्यातला बराचसा गिळायच्या. जास्त वॅटचा दिवा लावून हे सुटणार नव्हतं. फरशीवरचा तो चमकता पट्टा आणखी झगझगीत झाला असता, एवढंच.

सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं की साठी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि मोतीबिंदूत समोरच्या दिव्याची झळाळी फार त्रास देते. संक्रांतीनंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं लगेच करायचं होतं, पण साखर वाढलेली निघाली आणि ते पुढे गेलं. म्हणजे न्हाणीचं सगळं ठरवायच्या दिवसांत त्यांचा एक डोळा नवा होता आणि एक जुना. या गोष्टीचा आम्हाला पुढे फार उपयोग झाला.

काम आखाजीच्या आत संपवायचं ठरलं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खान्देशात दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. नणंद मुलांना घेऊन येणार, घरात दहा-बारा माणसं, आणि न्हाणी उकरलेली असून चालणार नव्हती.

आम्ही आधी धुळ्याला टाइल बघायला गेलो. दुकान मोठं, माल बहुतेक गुजरातेतल्या मोरबीचा. छताला पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या रांगा, शिवाय प्रत्येक नमुन्यावर वेगळा झोत सोडलेला. त्या उजेडात मला सगळ्याच टाइल सुंदर दिसल्या. एक फिकट दुधी रंगाची भिंतीची टाइल सगळ्यांना आवडली. हे तर ऑर्डर द्यायलाच निघाले होते. तेवढ्यात सासूबाईंनी उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा झाकला, पुन्हा उजवा. आणि विचारलं, ही पिवळी आहे की पांढरी? जुन्या डोळ्याने त्यांना ती हळदीच्या दुधासारखी दिसत होती आणि नव्या डोळ्याने निळसर पांढरी.

घरी येऊन याचं कारण डॉक्टरांना फोनवर विचारलं. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं. ऑपरेशनमध्ये बसवलेलं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे आधी अडलेला निळा एकदम आत येतो. मग आम्ही ठरवलं की रंगाच्या बाबतीत आईंच्या उजव्या डोळ्याचं ऐकायचं, कारण चार महिन्यांनी डावाही तसाच होणार. आणि चमकेच्या बाबतीत डाव्याचं ऐकायचं. ज्या टाइलीने डाव्या डोळ्याला झळाळी आली ती बाद.

दुकानदार नमुन्याला अख्खी टाइल द्यायला तयार नव्हता. मग मी टवके उडालेल्या मागितल्या. गोदामात तशा पुष्कळ असतात. त्यातल्या सात टाइल पोत्यात घालून एसटीने घरी आणल्या, आणि हेच या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात शहाणपणाचं काम ठरलं असं मला वाटतं. त्या न्हाणीच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. सकाळी सातला बघितल्या, दुपारी बघितल्या, संध्याकाळी दिवा लावून बघितल्या. मग त्यांवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा बघितल्या. दुकानातली ती लाडकी दुधी टाइल आमच्या न्हाणीत मेलेल्या चुन्यासारखी दिसत होती. जी दुकानात कुणी ढुंकूनही बघितली नव्हती ती किंचित उबदार, सायीच्या रंगाची टाइल घरात तिन्ही वेळा चांगली दिसली. तिला चमक नव्हती आणि खरखरही नव्हती. दुकानात तिला सॅटिन म्हणतात. अगदी खरखरीत टाइल भिंतीला नको असते, ती क्षार धरून बसते.

मिस्त्रीने त्या टाइली उलट्या करून पाठीवर पाण्याचा एक-एक थेंब टाकला. भिंतीच्या सिरॅमिक टाइलने थेंब बघता बघता पिऊन टाकला. फरशीच्या व्हिट्रिफाइड टाइलवर थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला. सिरॅमिक वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. म्हणून सिरॅमिक भिजवून सिमेंटवर बसते, पण व्हिट्रिफाइड नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, तिला टाइल चिकटवायचा वेगळा मसाला लागतो. "वहिनी, लोक मसाल्याचे पैसे वाचवतात आन् मग दोन वर्षांनी फरशी पोकळ वाजते," असं तो म्हणाला.

फरशीसाठी सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं, शहाबादीच टाका. त्यावर पाय घसरत नाही, हे त्यांनी पन्नास वर्षं बघितलेलं. मी तो विचार मनापासून केला. पण शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, वापरायला बोअरचं, आणि बोअरचं पाणी जड. डाग पडले की कधी तरी कुणी तरी ॲसिड टाकणारच, आणि ॲसिड चुनखडीला खातं. म्हणून मागच्या अंगणात कपडे धुवायच्या जागी शहाबादी ठेवली आणि आत खडबडीत व्हिट्रिफाइड घ्यायचं ठरलं.

खडबडीतपणाला मोजमाप असतं. आर ९ पासून आर १३ पर्यंत. चाचणीत तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवतात आणि तो किती अंशाला घसरायला लागतो ते बघतात. आर १० म्हणजे १० ते १९ अंश, आर ११ म्हणजे १९ ते २७ अंश. अर्थात त्या चाचणीत पायांत बूट असतात. अनवाणी पायासाठी साबणाच्या पाण्यावरची वेगळी चाचणी असते, तिचे ए, बी, सी असे वर्ग. आमच्या दुकानात अनवाणी चाचणीचं कागदावर काही नव्हतं. मग घरी आम्हीच केलं. दोन टाइल अंगणात ठेवल्या, त्यांवर साबणाचं पाणी ओतलं, आणि यांच्या खांद्याला धरून मी त्यांवर अनवाणी उभी राहून पाऊल सरकवून बघितलं. आर १० वर पाऊल थोडं सरकलं, आर ११ वर जागचं हललं नाही. त्याच्या वर जायचं नाही हेही ठरवलं, कारण जास्त खरखरीत फरशी घासताना हात दुखतात आणि घासली नाही की शेवाळ धरते. आकार १ फूट बाय १ फुटाचा घेतला. मोठ्या टाइलला सांधे कमी, पण लहान जागेत चारी बाजूंनी उतार द्यायचा तर लहान टाइलच वळते. आणि सांध्यांनाही पाऊल अडतं.

फरशीचा रंग करडा. इथे मी एक युक्ती वापरली ती सांगते, फुकटची आहे आणि फार कामाची आहे. सगळे नमुने शेजारी ठेवून मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढायचा. रंग निघून गेले की फक्त गडद आणि फिकट उरतं. मला आवडलेली बदामी फरशी आणि सायीची भिंत फोटोत एकसारखी दिसत होती, म्हणजे अधू डोळ्याला भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली हे कळणार नाही. करड्या फरशीने ती रेघ स्पष्ट उमटली. त्याच फोटोत पांढरा कमोड भिंतीत विरघळून गेला होता. म्हणून कमोडच्या मागे आणि आधाराच्या दांडीच्या मागे गडद टाइलचा पट्टा घ्यायचं ठरलं. तो रंग सासूबाईंनी निवडला, मोरपंखी. त्यांच्या लग्नातल्या एका शालूचा रंग आहे तो.

नळांवरून मुलाशी फोनवर बराच वाद झाला. तो पुण्यात असतो, तिकडच्या घरांत सगळीकडे काळे नळ बघतो. त्याने फोटो पाठवले आणि ते दिसायला छानच होते. मी नाही म्हटलं नाही. दुकानातून काळ्या मॅट रंगाचा एक टॉवेल अडकवायचा हुक आणला, एक क्रोमचा आणला आणि एक ब्रश फिरवल्यासारख्या रेघांचा, निकेलचा. तिन्ही मागच्या अंगणात बोअरच्या नळाखाली विटेवर ठेवले. चैत्राचं ऊन, दुपारी पाणी टाकलं की पाच मिनिटांत वाळायचं. दिवसातून तीन-चार वेळा येता-जाता त्यांवर पाणी शिंपडत राहिले. आठ दिवसांनी काळ्या हुकावर पांढऱ्या कडांची वर्तुळं एकावर एक चढली होती, खरूज उठल्यासारखी. क्रोमवरही डाग होते, पण फडक्याने पुसले गेले. निकेलवर डाग असतील तर ते हात लावल्याशिवाय कळत नव्हते.

पाणी उडून जातं आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार मागे राहतो. तो पांढरा असतो, म्हणून काळ्यावर उठून दिसतो. लिंबू किंवा व्हिनेगरने निघतो, पण रोज कोण काढणार? आणि राग येऊन तारेच्या घासणीने घासलं की काळा थरच निघतो. मी तिन्ही हुकांचा फोटो मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, निकेल घ्या. नळ आतून पितळी आहे ना, हे मात्र हातात घेऊन वजनावरून बघून घेतलं.

आता दिव्यांबद्दल, कारण जीव सगळ्यात जास्त त्यात गुंतला होता.

दिव्यांचं दुकान गावातच. जाताना सासूबाईंनी कुंकवाचा करंडा बरोबर घेतला. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं कशाला, तर म्हणाल्या की दिवा कशासाठी घ्यायचाय, तोंड बघायलाच ना. त्या इतकी वर्षं न्हाणीतल्या आरशात कुंकू लावत नव्हत्या. हातआरसा घेऊन अंगणाच्या दारात, उजेडाला तोंड करून लावायच्या. दुकानदाराने काउंटरवर तीन दिवे लावले आणि त्यांनी प्रत्येकाखाली करंडा उघडून धरला, शेजारी स्वतःचा तळहात. पहिला ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पांढराफटक. त्याखाली कुंकू विटकरी झालं आणि तळहात आजाऱ्यासारखा. दुसरा ४००० केल्विनचा, त्याखाली कुंकू ठीक, पण मंद. तिसराही ४००० केल्विनचाच, किंमत जवळजवळ दुप्पट, आणि त्याखाली कुंकू करंड्यात पेटल्यासारखं लाल दिसलं. मी बघतच राहिले. एकच करंडा, एकाच काउंटरवर.

फरक होता सीआरआयचा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप, १०० पैकी. दुसऱ्या दिव्याचा ८० होता, तिसऱ्याचा ९० च्या वर. पण त्यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि भडक लाल त्या आठांत येत नाही. लालासाठी आर ९ म्हणून वेगळा आकडा असतो (फरशीच्या आर ९ शी त्याचा संबंध नाही), आणि स्वस्त एलईडीत तो नेमका कमी असतो. खोक्यावर तो सहसा छापलेला नसतो. त्यामुळे करंड्याची परीक्षा हीच खरी परीक्षा. ज्यांना कुंकू लावायचं नाही त्यांनी पिकलेला टोमॅटो न्यावा, स्वतःचा तळहात तर न्यावाच. अंगावर पुरळ उठलंय का, डोळे पिवळे दिसताहेत का, ओठ काळपटलेत का, हे म्हाताऱ्या माणसाचं घरात पहिल्यांदा न्हाणीच्या आरशापुढेच कळतं.

केल्विनचं मी असं लक्षात ठेवलं. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड, ६५०० म्हणजे ढगाळ दिवसाचा निळसर, ४००० मधला. छताला आणि आरशाला एकच ४००० घेतला. एका लहान खोलीत दोन रंगांचे दिवे लावले तर भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते.

मग जागा. आरशाच्या वर दिवा लावला की कपाळ उजळतं, पण डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना एक-एक उभा दिवा, दोन फुटी, ८ वॅटचा, वर दुधी झाकण. आरसा आणि दिवे सासूबाईंच्या उंचीने लावले. त्या ४ फूट १० इंच आहेत. मुलगा आला की वाकेल, त्याची पाठ चांगली आहे. छतावर, म्हणजे खरं तर माळ्याच्या खालच्या बाजूला, मधोमध १२ वॅटचा गोल दिवा, आणि अंघोळीच्या जागेवर ६ वॅटचा वेगळा. आता नळाकडे तोंड केलं तरी सावली पुढे पडत नाही. बारके झोतदिवे, ज्यांना दुकानात सीओबी म्हणतात, ते मी एकही घेतले नाहीत. कमोडवर बसून वर बघितलं की ते सरळ डोळ्यांत घुसतात.

पाचवा दिवा रात्रीचा. बेसिनच्या खाली, घोट्याच्या उंचीवर, २ वॅटचा, २७०० केल्विनचा पिवळा, माणूस आला की आपोआप लागणारा. रात्री दोन वाजता मोठा दिवा लावला की म्हातारं माणूस क्षणभर आंधळं होतं आणि परत अंधारात आलं की पुन्हा. खालून येणाऱ्या मंद उजेडात फरशी दिसते आणि डोळे दिपत नाहीत.

वायरमनकडून मी तीन गोष्टी हट्टाने करून घेतल्या. आरशाचा डावा, उजवा, छताचा आणि अंघोळीवरचा, चारी दिव्यांची बटणं वेगळी. एकाच बटणावर घेतलं तर वायर वाचते असं तो म्हणत होता. दुसरी, छताचा आणि रात्रीचा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अंघोळ करताना गेली तर ओल्या फरशीवरून काळोखात बाहेर यायचं. तिसरी, ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी. विजेची थोडीशी जरी गळती झाली तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. साध्या एमसीबीला ती गळती कळतही नाही. अर्थिंगचा खड्डाही उघडून बघितला, तो ठणठणीत कोरडा होता. कोळसा-मीठ नवीन भरलं, आणि उन्हाळाभर दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं. अंघोळीवरच्या दिव्याला आयपी ६५ घेतला, बाकीच्यांना आयपी ४४. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून दिवा किती सुरक्षित आहे त्याचं माप, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील, ५ म्हणजे पाण्याची धार सहन करील.

तोडफोड चार दिवस चालली. जुना कोबा उकरल्यावर ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, सांध्यातून पाणी झिरपत असल्याचं निघालं. स्वयंपाकघराच्या भिंतीचा पोपडा का पडायचा ते तेव्हा कळलं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाल्यावर ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खडूने भिंतीवर रेघ मारून. उन्हाने थोडं उडालं, त्यापलीकडे काही गेलं नाही.

भिंतीच्या टाइल कमी पडल्या. सहा हव्या होत्या. दुकानातून त्याच नावाच्या आल्या, पण लावायला घेतल्यावर त्या गुलाबीकडे झुकलेल्या. खोक्यावर नावाशेजारी शेड नंबर असतो, तो वेगळा होता. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, एवढा फरक चालतो म्हणाला. नव्या दिव्यांखाली तो फरक लांबूनही दिसत होता. मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्याच वेळी दहा टक्के जास्त घ्या असं मिस्त्रीने सांगितलं होतं आणि दुकानदार सात पुरे म्हणाला होता. शेवटी त्या सहा दारामागच्या खालच्या ओळीत बसवल्या.

फरशीचा उतार ७ फुटांना साधारण १ इंच ठरला होता. फरशी बसली त्या संध्याकाळी मिस्त्री हातपाय धुऊन निघायच्या तयारीत होता. मी मोबाइलची बॅटरी लावून फरशीवर आडवी ठेवली. वरून सपाट दिसणारी फरशी त्या आडव्या उजेडात वेगळीच दिसली, प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडली. बेसिनजवळच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं तर ताटलीएवढं पाणी तिथेच थांबलं. "सुकल्यावर जाईल वहिनी," तो म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही एकदा खाली बसून बघा." तो गुडघ्यावर बसला, गाल जमिनीला टेकेल इतका वाकला, बॅटरी इकडून तिकडे फिरवली. मग काही न बोलता छन्नी घेतली आणि मसाला ओला होता तोवर नऊ टाइल काढल्या. रात्री साडेनऊपर्यंत त्याने त्या पुन्हा बसवल्या, मी बॅटरी धरून उभी होते. नंतर पाणी ओतलं तेव्हा ते सरळ जाळीकडे गेलं. त्याला जेवायला थांबवलं, शेवभाजी केली होती.

सांधे एपॉक्सीने भरले. महाग पडतं आणि लवकर सुकतं म्हणून कारागिराची फार धावपळ होते, पण ते पाणी पीत नाही आणि त्यात क्षार मुरत नाही. आमच्या पाण्याला दुसरा इलाज मला दिसला नाही. आधाराची दांडी स्टीलची, बारीक रेघांची. चकचकीत दांडी साबणाच्या हाताने सटकते. ती टाइल लागायच्या आधीच भिंतीत जागा मारून, विटेत पक्की बसवायची तयारी करून ठेवली होती.

आखाजीला नणंद आली. पहिल्याच रात्री तक्रार, बसलं की दिवा विजतो. खरंच होतं, माणूस हलला नाही की एका मिनिटात रात्रीचा दिवा बंद व्हायचा. त्याच्या पाठीला बारीक स्क्रू असतो, तो फिरवून वेळ पाच मिनिटं केली. जाताना तिने नमुन्याच्या दोन टाइल साडीत गुंडाळून नेल्या, तिच्या न्हाणीत संध्याकाळच्या वेळी लावून बघायला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ज्येष्ठात झालं. पट्टी निघाली, दोन आठवडे डोक्यावरून अंघोळ बंद होती, ते दिवसही सरले. एका सकाळी मी चहा ठेवत होते आणि न्हाणीचं दार उघडं होतं. सासूबाई आरशापुढे उभ्या राहून आधी एक डोळा झाकत होत्या, मग दुसरा, आणि मोरपंखी पट्ट्याकडे बघत होत्या. "आते दोन्ही डोयासले एकच रंग दिसस," त्या म्हणाल्या. मग करंडा उघडून त्यांनी कुंकू लावलं, आरशात पुन्हा बघितलं, आणि हात लांब करून आरशाच्या डाव्या दिव्याचं बटण बंद केलं. आता इतका लागत नाही म्हणाल्या.